उतू गेलेल्या भाताचा वास

आमच्या घरी मोटार आली ती एका संस्थानाच्या मोडीतून. संस्थानं विलीन होत होती त्या दिवसांत सातपुड्यापलीकडचे एक छोटे राजेसाहेब रातोरात साधे नागरिक झाले, आणि साध्या नागरिकाला पागाभर मोटारींचं काय करायचं हा प्रश्न पडला. माझे वडील बुऱ्हाणपूरच्या कोर्टात वकील. राजेसाहेबांचं काहीतरी काम त्यांनी कधीकाळी केलं होतं, त्या ओळखीतून त्यांनी एक जुनी मोटार घेतली. मरून रंगाची, वर कापडी टप, आणि बॉनेटच्या टोकाला पाणी भरायचं पितळी झाकण. झाकणावर संस्थानचं चिन्ह होतं, ते कुणीतरी कानशीने घासून टाकलं होतं. वडील मात्र येईल त्याला ते घासलेलं झाकण दाखवत, जणू राजमुद्रा अजून तिथेच होती.

गाडीबरोबर ड्रायव्हरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. राजवाड्याच्या जुन्या माणसांची पांगापांग चालली होती. कुणी मुनीम झालं, कुणी शेतावर गेलं, हा गाडीच्या मागे आला. बायको गेलेली, मुलीचं लग्न होऊन ती दूर दिलेली. गोठ्याला लागून एक खोली होती, तिथे त्याने आपली ट्रंक ठेवली आणि वडिलांना म्हणाला, "साहेब, गाडी जब तक है, मी आहे." वडिलांना हे वाक्य फार आवडलं. पुढे तेच वाक्य त्याच्या अंगाशी येणार होतं.

कारण गाडी तापायची. बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या आमच्या घरापासून कोर्टापर्यंत ती गुणी मुलीसारखी जायची. पण गाव सोडून जरा लांब निघालो की बॉनेटमधून वाफ, झाकणाखालून उकळतं पाणी, आणि मग रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसणं. वडिलांचे अशील बैलगाडीतून आमच्या पुढे निघून जायचे आणि जाताना नमस्कार करायचे. त्या नमस्काराने वडील गाडीपेक्षा जास्त तापायचे.

त्या वेळी नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहत होता. तिथला एक मिस्त्री रविवारी आमच्याकडे यायला लागला. पहिल्या रविवारी त्याने गाडीच्या नाकातली जाळी तपासली. जाळीतून वारा जातो आणि आतलं पाणी थंड होतं, एवढं मला त्याच दिवशी कळलं. ती जाळी कापसाच्या तंतूंनी गच्च भरली होती. आमचा रस्ताच जिनिंगच्या कारखान्यांवरून जायचा, हंगामात नुसता कापूस उडायचा. मिस्त्रीने बोटांनी लोकर उपसावी तसा कापूस काढला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्याच आठवड्यात गाडी पुन्हा उकळली. मग पंख्याचा पट्टा बदलला. मग रबरी नळ्या बदलल्या. मग मिस्त्रीने इंजिनाला कान लावून ऐकलं, तेलाची काडी हुंगली, आणि डोकं खाजवलं. वडील त्याच्या शेजारी उभे राहून त्याच्याएवढंच डोकं खाजवत होते. मला हसू येत होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, लग्न ठरायचं होतं, आणि हसायला दुसरं फारसं काही नव्हतं.

असाच एक रविवार. मिस्त्रीने पितळी झाकण काढून पाण्याच्या तोंडात बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"वकीलसाहेब," तो म्हणाला, "यात हळद टाकली आहे कोणीतरी."

मग त्याने समजावलं. जाळीला बारीक भोक पडलं की लबाड ड्रायव्हर पाण्यात हळद नाहीतर पीठ टाकतात. ते भोकात जाऊन बसतं, गळती थांबते, गाडी विकली जाते. पण तेच पीठ मग आतल्या नळ्या बुजवतं आणि गाडी तापायला लागते. वडिलांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मग मान वर केली ती सरळ ड्रायव्हरकडे.

"गाडीला हात कोण लावतं?"

"मीच, साहेब."

"दुसरं कुणी?"

"नाही, साहेब. पण हळद मी टाकली नाही. गळती असती तर खाली पाणी दिसलं असतं ना?"

"दिसत नाही, कारण हळद टाकली आहे," वडील म्हणाले. कोर्टात असा डाव बसला की ते चष्मा काढून पुसत. अंगणातही त्यांनी तो पुसला. मला त्यांचा संताप आला, कारण ड्रायव्हरचं म्हणणं सरळ होतं आणि वडिलांचं नुसतं चलाख.

स्वयंपाकघराच्या दारातून आत्याने विचारलं, "हळदीनं गाडी तापते का रे?"

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील तिला आक्का म्हणत, आई वन्सं म्हणे. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याकडे होती. पहाटेपासून चूल तिच्याकडे. वडिलांचं आईपण तिनेच केलं होतं. ती कधी गाडीत बसली नाही आणि गाडीबद्दल तिने काही विचारल्याचंही कुणाला आठवत नव्हतं, म्हणून सगळे हसले. वडील म्हणाले, "आक्का, तू भाजीत टाक, गाडीचं आम्ही पाहतो." ती आत गेली.

ड्रायव्हरला मात्र सांगितलं गेलं की आता एकदा जरी गाडी उकळली तरी त्याने आपला रस्ता धरावा.

पंधरवड्याने दापोऱ्याला जायचं ठरलं. वडिलांच्या एका अशिलाने नवं घर बांधलं होतं, वास्तूचं जेवण होतं. आईच्या अंगात कणकण होती, म्हणून वडील आणि मी असे दोघंच निघालो. निघताना नेहमीचं सगळं झालं. आई तबक घेऊन आली, चाकावर पाणी घातलं, बॉनेटला हळदकुंकू लावलं, चार अक्षता वाहिल्या, आमच्या हातावर दही ठेवलं. आत्या आत होती. कुणी बाहेरगावी निघालं की ती आतच असायची. तिने समोर यायचं नाही हे कुणी तिला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते न सांगता ठरलेलं होतं, आणि आमच्यासारख्या सगळ्या घरांत ठरलेलं होतं.

दापोरा जवळ आलं. दोन्ही बाजूंना केळीचे मळे. आणि गाडी उकळली. या वेळी नुसती वाफ नव्हती. झाकणाखालून दाट, पांढुरका फेस उसळला, बॉनेटवरून ओघळला आणि तापल्या पत्र्यावर चरचरत वाळला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. मागे वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

मी खाली उतरले. आणि मला वास आला. तो वास मी ओळखत होते, पण तिथे, केळीच्या मळ्यात, मोटारीच्या नाकाशी तो कसा येईल ते कळेना. भात उतू जाऊन चुलीवर सांडला की येतो तो वास.

"दादा," मी वडिलांना म्हटलं, "गाडीतून भाताचा वास येतोय."

"तुला भूक लागली आहे," ते म्हणाले.

मी बॉनेटवरचा वाळलेला फेस नखाने खरवडला. पापुद्रा निघाला, कडक, पातळ, लुगड्याला खळ देताना पातेल्याच्या काठाला राहतो तसा. तो मी वडिलांपुढे धरला. त्यांनी तो पाहिला नाही. ते ड्रायव्हरकडे पाहत होते.

"घरी पोचलं की सामान बांधा," ते म्हणाले.

ड्रायव्हर खाली उतरला. "बांधतो, साहेब. पण जाऊ कुठं ते सांगा. वाडा तर आता सरकारचा झाला."

अशिलाच्या बैलांनी आमची राजेशाही मोटार ओढत परत आणली. बाजारातून जाताना लोक दुकानाच्या पायऱ्यांवर उभे राहून पाहत होते. वडील समोर बघत ताठ बसले होते आणि मी रागाने धुमसत होते. माझ्या मुठीत तो पापुद्रा होता.

घरी आल्यावर मी भांडले. आमच्या घरात मुलींनी वडिलांशी भांडायची पद्धत नव्हती, पण मला पद्धत आठवली नाही. मी म्हटलं, "आधी ती जाळी खोला, मग माणसाला घालवा. कोर्टात पुरावा न बघता निकाल देतात का?" आईने मला गप्प बसायला सांगितलं. पण शेवटचं वाक्य वडिलांना लागलं होतं. ते म्हणाले, "उद्या मिस्त्री येईल. उद्या खोलू. निकाल तोच राहणार."

सकाळी अंगणात मिस्त्रीने जाळी उतरवली. ड्रायव्हर आपली ट्रंक घेऊन पिंपाशेजारी उभा होता. ट्रंकेवर अंथरुणाची वळकटी बांधलेली. मिस्त्रीने जाळी घमेल्यावर उलटी धरली. काही आलं नाही. त्याने लाकडाने ठोकली, वरून जोराने पाणी सोडलं, पुन्हा ठोकली. आणि भसकन एक गोळा घमेल्यात पडला. मागोमाग आणखी एक. चिकट, करडा-पिवळा, गंजाने तांबूस झालेला लगदा, आणि असा आंबूस वास की आईने पदर नाकाला लावला.

"पीठ," वडील म्हणाले. "बघ. मी काय म्हणत होतो?"

मिस्त्रीने काडीने लगदा पसरला. "पीठ नाही साहेब. हे शिजलेलं आहे." त्याने काडीवर काहीतरी उचललं. तांदळाचा दाणा होता. फुगलेला, पण अख्खा. मग आणखी दिसायला लागले. जाळीच्या तोंडाशी अडकलेले, अजून शिजायचे राहिलेलेही काही होते, आणि त्यांतल्या एका-दोघांच्या टोकाला लाल रंग होता.

आई खाली बसली. तिने एक दाणा उचलून अंगठ्याने चोळला आणि कुंकवाने लाल झालेला अंगठा आमच्यापुढे धरला.

"ह्या अक्षता आहेत," ती म्हणाली.

अक्षता हा शब्द मी जन्मभर ऐकलेला, पण त्या घमेल्याजवळ तो ऐकताना अंगावर काटा आला. वडिलांनी आईकडे पाहिलं. आई घाबरून म्हणाली, "मी बाहेर वाहते. बॉनेटवर. ते झाकण तर मला उघडायलाही येत नाही."

मग वडील ड्रायव्हरकडे वळले. "झाकण तुम्हाला उघडता येतं. कोणी टाकल्या ह्या?"

ड्रायव्हरने जमिनीकडे पाहिलं. "मालूम नाही, साहेब."

त्याला माहीत होतं. ते इतकं उघड होतं की मिस्त्रीसुद्धा दुसरीकडे बघायला लागला. तरी तो तेच म्हणाला, आणि वडील म्हणाले, "मग निघा." ड्रायव्हर वाकला आणि त्याने ट्रंक उचलली.

"त्याले काहून काढतो? मी टाकल्या."

आत्या ओट्याच्या कडेला उभी होती. हात पिठाचे, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. ती इतकी साधेपणाने बोलली की आधी कुणाला अर्थच लागला नाही.

"तू?" वडील म्हणाले. "आक्का, तू कशाला?"

"तू निघतो म्हणून. माझा जीव राहते का?"

मग तिने सांगितलं, आणि सांगताना ती वडिलांकडे नाही, घमेल्याकडे पाहत होती. ड्रायव्हर सकाळी पाणी भरायचा, झाकण उघडं ठेवून दुसरी बादली आणायला विहिरीवर जायचा. तेवढ्यात ती यायची. मुठीत अक्षता, चिमूटभर हळद. बॉनेटवर वाहिल्या असत्या तर दिसल्या असत्या. तिने वाहिलेल्या अक्षता कुणाला दिसून चालणार नव्हत्या. साऱ्या गाडीत झाकण असलेली तेवढीच जागा होती.

"तू हळद म्हणलास तव्हापासून हळद बंद केली मी," ती म्हणाली. "म्हणलं, नुसत्या तांदळानं काय होते."

"किती दिवस करत होतीस हे?"

"टांगा होता तव्हापासून. घोड्याच्या चंदीत टाकत होते. तो खाऊन घ्यायचा." तिने घमेल्याकडे हात केला. "हिनं सगळं पोटात ठेवलं."

मी त्या घरात जन्मले होते. तिच्या हातचं खात होते, रात्री तिच्याशेजारी झोपत होते. आई तबक घेऊन पुढच्या दारी जायची त्याच्या आधी दर वेळी आणखी कुणी मागच्या दाराने येऊन गेलेलं असायचं, चोरासारखं, आणि आमच्यापैकी एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मी हादरले होते आणि मला भयंकर राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. विधवांच्या दुःखावर वडिलांचं भाषण लालबागेत नुकतंच झालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी येऊन ते आत्यानेच वाढलेलं जेवले होते.

वडील गाडीच्या पायरीवर बसले. तिथूनच ते ड्रायव्हरला म्हणाले, "तुम्ही पाहिलं होतं."

"पाहिलं होतं, साहेब. हातात काय आहे ते नाही पाहिलं. मला वाटायचं, माताजी तिथं रडायला येतात. म्हणून मी विहिरीवर जरा उशीर लावायचो. आज दाणे दिसले तेव्हा समजलं."

"मग सांगायचं नाही?"

"कसं सांगू?"

वडिलांनी माफी मागितली नाही. ती त्यांना कधी जमली नाही. ते म्हणाले, "उद्या कोर्टात वेळेवर जायचं आहे. गाडी तयार ठेवा." ड्रायव्हरने ट्रंक उचलून परत खोलीत नेली. मिस्त्रीने जाळी सोड्याच्या पाण्याने धुतली, पुन्हा पुन्हा, पाणी नितळ येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वडील निघताना थांबले आणि आईला काहीतरी म्हणाले. आई तबक घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. आईने ते तबक आत्यापुढे धरलं. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि ते करावं असं तिला मनातून वाटतही नसावं, पण तिने धरलं.

"वन्सं, तुम्ही वाहा."

आत्याने तबकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती रडेल, आणि तबक घेईल, आणि आमचं सगळ्यांचं बरं होऊन जाईल. तिने हात पदराखाली घेतले.

"नको," ती म्हणाली. "कोणाले माहीत नव्हतं तव्हा ठीक होतं. आता उद्या साधा टायर फुटला तरी तुम्ही माझ्याकडं पाहाल."

दारात उभे असलेले वडील म्हणाले, "आक्का, मी नाही पाहणार."

"तू नाही पाहणार," ती म्हणाली. "पण मी पाहीन ना."

आणि तिने तवा चुलीवर ठेवला.

त्यानंतर गाडी कधी तापली नाही. लोक वडिलांना विचारत, काय दोष होता? ते म्हणत, जाळी तुंबली होती. खोटं नव्हतं. आत्या तशीच राहिली, तेवढंच बोलायची, तेवढंच करायची. सकाळी ड्रायव्हर झाकण उघडून विहिरीवर जायचा आणि पूर्वीसारखाच उशीर लावायचा. मी खिडकीतून पाहायचे. झाकण उघडं असायचं, अंगण रिकामं असायचं.

माझं लग्न झालं ते खांडव्याला. त्याच गाडीने मी सासरी निघाले. आईने सगळं केलं. आत्या आत होती, मी आत जाऊन तिच्या पाया पडले, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा, उशीर होते." असीरगडचा घाट आमच्या गाडीने एका दमात चढला. वर पोचल्यावर मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

"गाडी तापली नाही, ताई," तो म्हणाला.

"माहीत आहे. झाकण उघडा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग काही न विचारता फडकं घेतलं, खाली उतरला आणि झाकण हळूहळू फिरवून काढलं. नवरा गाडीत बसून होता. त्याला वाटलं असेल, कसली बायको मिळाली. मी शालू सावरत पुढे गेले आणि त्या तोंडाशी वाकले. आत पाणी नितळ होतं, तळाचं पितळ दिसत होतं. मी वाफेचा वास घेतला. कसलाच वास नव्हता.

"साफ आहे, ताई," ड्रायव्हर म्हणाला.

मी रस्त्यातच रडायला लागले. त्याने झाकण लावलं आणि पाणी आणायचं निमित्त करून तो उतारावरच्या झऱ्याकडे गेला, आणि यायला त्याने बराच उशीर लावला.